चालीची परीक्षा

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत अर्जुनानें श्रीकृष्णास स्थितप्रज्ञाचीं लक्षणें विचारलीं, तेव्हां तो बोलतो कसा आणि बसतो कसा एवढ्यावरच तो थांबला नाहीं. तो चालतो कसा, हेंही त्यानें विचारलें. तेथें चालणें म्हणजे वागणें असाच अर्थ घ्यावयाचा, हें उघड आहे. तथापि मनुष्याच्या पावलांवरून त्याच्या अंतःस्थितीची परीक्षा होते, ही समजूत त्या प्रश्नाच्या मुळाशीं आहेच. आपल्या मराठींत 'चाल' हा एकच शब्द गाण्याच्या सुरावटीस, बुद्धिबळाच्या पटावरील खेळीस, कुळांतील रीतीस आणि पायांच्या गतीस लागतो. जिन्यावर पाऊल वाजलें कीं वर कोण येत आहे हें घरांतील माणसें न पाहतां सांगतात. याचा अर्थ असा कीं, प्रत्येकाच्या चालण्यास एखाद्या वृत्तासारखी बांधणी असते; तिच्यांत मात्रा असतात, यति असतो, आणि कोठें एखादी मात्रा कमी पडली तर ती कानास खटकते.

ही मात्रा मोजणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत. मोठ्या शहरांतील कांहीं फिजिओथेरपी केंद्रांत पक्षाघातांतून उठलेल्या, गुडघ्याचा सांधा बदललेल्या किंवा कंपवाताचा विकार जडलेल्या माणसाच्या कमरेस व दोन्ही घोट्यांस काडेपेटीएवढीं लहान यंत्रें पट्ट्यांनीं बांधतात, त्यास थोडें अंतर चालवितात, आणि थोड्याच वेळांत आंकड्यांनीं व आलेखांनीं भरलेला कागद हातीं देतात. तो कागद घेऊन घरीं आलेल्या मुलास किंवा सुनेस दोन शंका हटकून येतात. बाबा अडखळत चालतात हें आम्हांस दिसतच होतें, मग त्यासाठीं यंत्र कशाला? आणि या आंकड्यांवरून आतां करावयाचें काय? दोन्ही शंका रास्त आहेत. म्हणून या वेळीं आम्ही त्यांचाच विचार करणार आहों.

प्रथम चालणें म्हणजे काय तें पाहूं. एक टांच जमिनीस टेकल्यापासून तीच टांच पुन्हां टेकेपर्यंतच्या अवधीस एक गतिचक्र म्हणतात. निरोगी मनुष्याच्या चक्रांत सुमारें ६० टक्के काळ तो पाय जमिनीवर असतो आणि सुमारें ४० टक्के काळ हवेंत झुलत पुढें जातो. दोन्ही पायांचीं चक्रें एकमेकांत गुंतलेलीं असल्यामुळें प्रत्येक चक्रांत दोनदां असा क्षण येतो कीं, दोन्ही पाय एकाच वेळीं भुईवर असतात. हे दोन क्षण मिळून चक्राचा सुमारें पांचवा हिस्सा होतो. धांवण्यांत हा क्षण नाहींसा होतो, आणि ज्यास पडण्याची भीति वाटते त्याच्या चालण्यांत तो लांबतो. वस्तुतः चालणें म्हणजे पुढें पडत जाणें, आणि प्रत्येक वेळीं पडण्याच्या आधीं दुसरा पाय पुढें टाकून स्वतःस सावरणें होय. मूल वर्षाच्या सुमारास ही विद्या शिकतें, आणि पुढें आयुष्यभर तिचा विचारही कोणी करीत नाहीं. विचार करावा लागतो तो ती ढळूं लागली म्हणजे.

अनुभवी फिजिओथेरपिस्टाचा डोळा या चक्रांतील पुष्कळ दोष टिपतो. पाऊल फरफटतें, कंबर एका बाजूस खचते, गुडघा ताठ राहतो, एक हात झुलत नाहीं, हें सर्व त्यास दिसतें. आपल्या प्राचीन वैद्यांसही ही दृष्टि होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत खंज आणि पंगु यांचा भेद सांगितला असून, चालूं लागतांच ज्याचें अंग थरथरतें आणि जो लंगडल्यासारखा जातो, त्याच्या विकारास कलायखंज असें निराळें नांव दिलें आहे. ही केवळ डोळ्यांनीं पाहून केलेली परीक्षा होय, आणि ती आजही टाकाऊ ठरलेली नाहीं.

मात्र डोळ्यास दोन मर्यादा आहेत. हाच मनुष्य गेल्या महिन्यांत किती अडखळत होता हें त्यास नेमकें आठवत नाहीं. आणि सेकंदाच्या दशांशाचा फरक त्यास दिसत नाहीं. पहिली उणीव साध्या घड्याळानें बरीच भरून निघते. पॉडसिआड्लो व रिचर्डसन या दोन संशोधकांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेली एक परीक्षा आज जगभर रूढ आहे. हातांच्या खुर्चींतून उठावयाचें, नेहमींच्या गतीनें ३ मीटर चालावयाचें, वळावयाचें, आणि परत येऊन खुर्चींत बसावयाचें. सारा वेळ घड्याळावर मोजावयाचा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शनाप्रमाणें वृद्ध मनुष्यास यासाठीं १२ किंवा अधिक सेकंद लागले, तर त्यास पडण्याचा धोका आहे असें समजतात. चालण्याच्या नुसत्या वेगाचेंही महत्त्व थोडें नाहीं. ६५ वर्षें व त्यापुढील वयाच्या ३४,४८५ माणसांच्या माहितीवरून २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत, नेहमींचा चालण्याचा वेग आणि पुढील आयुर्मान यांचा स्पष्ट संबंध आढळून आला. यावरून जोरानें चालल्यानें आयुष्य वाढतें असें मात्र कोणी समजूं नये. हृदय, फुप्फुसें, मज्जातंतु, सांधे, स्नायु आणि दृष्टि हीं सर्व मिळून एक पाऊल टाकतात. त्यांपैकीं कोणी थकलें कीं पाऊल मंदावतें, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी उणीव घड्याळानें भरत नाहीं, आणि तेथेंच सेन्सरची खरी गरज उत्पन्न होते. अमेरिकेच्या ओरेगन राज्यांतील संशोधकांनीं २०१० सालीं एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा विकार, जडलेल्या परंतु औषध सुरू न झालेल्या कांहीं रुग्णांस आणि त्याच वयाच्या निरोगी माणसांस त्यांनीं वर सांगितलेलीच उठून चालण्याची परीक्षा दिली. अंतर तेवढें थोडें वाढविलें. घड्याळाच्या दृष्टीनें दोन्ही वर्गांत फरक दिसला नाहीं. परंतु अंगावर बांधलेल्या सेन्सरांनीं सांगितलें कीं, रुग्णांच्या अधिक बाधित बाजूचा हात मंद झुलतो, धड कमी वळतें, आणि माघारीं फिरतांना त्यांस सावकाश वळावें लागतें. एकूण बेरीज तीच असून आंतील रकमा बदललेल्या होत्या. उत्तर बरोबर आलें म्हणून रीत न तपासणारा परीक्षक जसा फसतो, तसेंच हें आहे.

अंगावर यंत्र बांधून चाल मोजण्याची कल्पना मात्र नवी नाहीं. जर्मनींत वेबर बंधूंनीं १८३६ सालीं मनुष्याच्या चालण्याच्या यंत्रशास्त्रावर ग्रंथ लिहिला. पुढें फ्रान्समध्यें एतियेन-ज्यूल मारे आणि त्यांचे शिष्य गास्तों कार्ले यांनीं बुटांच्या तळांत हवेचे कप्पे बसविले. पाऊल टेकलें कीं कप्प्यांतील हवा दबे, तो दाब रबराच्या नळींतून नोंदयंत्रापर्यंत जाई, आणि फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटे. मारे यांच्या १८७३ सालच्या ग्रंथांत असे बूट घालून आणि नोंदयंत्र हातीं धरून धांवणाऱ्या मनुष्याचें चित्र आहे. आजच्या सेन्सरचा मूळ पुरुष तोच म्हणावयास हरकत नाहीं. त्यानंतर लाइपझिग येथें शरीरशास्त्रज्ञ ब्राउने आणि गणिती फिशर यांनीं मनुष्याच्या अंगावर प्रकाशनळ्या बांधून, अंधारांत त्याच्या चालण्याचीं छायाचित्रें घेतलीं. एका प्रयोगाच्या तयारीस कित्येक तास लागत, आणि त्याचें गणित सोडविण्यास महिनेच्या महिने. ब्राउने १८९२ सालीं वारले. फिशर यांनीं तें काम १९०४ पर्यंत नेटानें पुरें केलें. पुढें कॅमेऱ्यांच्या आणि दाब मोजणाऱ्या फरश्यांच्या प्रयोगशाळा निघाल्या. त्यांचें मोजमाप आजही सर्वांत विश्वसनीय मानतात. परंतु अशी प्रयोगशाळा म्हणजे मोठा खर्च आणि स्वतंत्र दालन, म्हणून सामान्य रुग्णाच्या वाट्यास ती क्वचितच येते.

आजच्या लहान यंत्रांत मुख्यतः दोन अवयव असतात. पहिला अॅक्सेलरोमीटर. एस. टी. च्या गाडीनें एकाएकी ब्रेक लावला कीं उभा उतारू पुढें झुकतो, आणि तो किती झुकला यावरून ब्रेक किती जोराचा होता हें समजतें. सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेला, डोळ्यांस न दिसणारा एक सूक्ष्म भार तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. पाय हलला कीं तो झुकतो, शेजारच्या दांत्यांपासूनचें त्याचें अंतर बदलतें, आणि त्या बदलाची विजेच्या रूपानें नोंद होते. दुसरा अवयव जायरोस्कोप. त्यांत एक भार सतत कंप पावत असतो. यंत्र वळलें कीं तो आपल्या रेषेतून बाजूस ढकलला जातो, आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस यांनीं १८३५ सालीं मांडलेल्या सिद्धांताचा हा उपयोग होय. अशा नोंदी सेकंदास शंभर किंवा त्याहून अधिक वेळां होतात. १९९० च्या दशकांत मोटारींतील एअरबॅग उघडण्यासाठीं हे अॅक्सेलरोमीटर वापरांत आले, पुढें स्वस्त झाले, आणि आज प्रत्येक स्मार्टफोनांत ते असतात.

येथें एक अडचण आहे, आणि ती ध्यानांत घेतल्याशिवाय या यंत्राची योग्यता कळावयाची नाहीं. यंत्र अंतर मोजीत नाहीं; वेगांतील बदल मोजतें. त्या बदलांची बेरीज केली म्हणजे वेग मिळतो, आणि वेगांची बेरीज केली म्हणजे अंतर. दुकानदाराच्या वहींत रोज एका पैशाची चूक होत गेली तर वर्षाअखेर ती कोठें जाऊन पोहोंचते तें सर्वांस ठाऊक आहे. येथें तर बेरजेचीही बेरीज करावयाची असते. त्यामुळें यंत्रास मोकळें सोडलें तर थोड्याच वेळांत रुग्ण भिंत ओलांडून रस्त्यावर गेला असें तें खुशाल सांगेल! यावर तज्ज्ञांनीं सुंदर तोड काढली. पाऊल जमिनीवर टेकून स्थिर असतें त्या क्षणीं त्याचा वेग शून्य असलाच पाहिजे. तो क्षण ओळखून यंत्र प्रत्येक पावलास आपला हिशेब शून्यावर आणतें. रोजकीर्द रोज मिळविणाऱ्या चोख कारकुनाप्रमाणें चूक दुसऱ्या दिवसावर जाऊं देत नाहीं.

परंतु ज्याचें पाऊल स्थिर टेकतच नाहीं, जो पाय घासत घासत चालतो, त्याचा तो शून्याचा क्षण कोणता? येथें यंत्र गोंधळतें. अतिशय मंद चालणाऱ्यांचीं पावलें मोजण्यांत साधीं पाऊलमापकें पुष्कळ पावलें गाळतात, हें वारंवार आढळून आलेलें आहे. म्हणजे ज्यास मोजमापाची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच बाबतींत यंत्राची परीक्षा सर्वांत अवघड. म्हणून आपल्यासारख्या रुग्णांवर हें यंत्र तपासून पाहिलें आहे काय, हा प्रश्न केंद्रांत अवश्य विचारावा. पट्टा सैल झाला तरी आंकडे बदलतात. एका कंपनीच्या यंत्राचा आंकडा दुसऱ्या कंपनीच्या आंकड्याशीं ताडून पाहूं नये. काठी घेऊन केलेली आणि काठीवांचून केलेली, अनवाणी आणि चपला घालून केलेली नोंद एकमेकींशीं जुळवूं नये.

इतकें असूनही या यंत्रांचा एक गुण असा आहे कीं, तो प्रयोगशाळेसही लाभत नाहीं. तीं रुग्णाबरोबर घरीं जाऊं शकतात. तपासणीसाहेब आले कीं वर्ग कसा शांत बसतो, हें शाळेंत बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. परीक्षकापुढें चालणाऱ्या रुग्णाचेंही तसेंच होतें. तेवढीं पांच मिनिटें तो ताठ होतो, पावलें नीट टाकतो, आणि घरीं स्वयंपाकघराच्या दारांत अडखळतो. कंपवाताच्या कित्येक रुग्णांचे पाय दारांतून जातांना किंवा वळतांना जणूं भुईस खिळतात. परंतु डॉक्टरांच्या समोर हें बहुधा घडत नाहीं. त्या खिळलेल्या स्थितींत पाय सेकंदास सुमारें तीन ते आठ वेळां सूक्ष्म थरथरतात, आणि नेहमींच्या चालण्याचीं आंदोलनें याहून मंद असल्यामुळें सेन्सर हा भेद ओळखूं शकतो.

घरच्या चालण्याचें हें महत्त्व आतां राजमान्यही झालें आहे. द्युशेन नांवाचा एक वंशागत स्नायुविकार आहे. तो बहुधा मुलग्यांस होतो, आणि चालतें मूल कांहीं वर्षांत चाकांच्या खुर्चीस जखडतें. त्यावरील नव्या औषधाचा गुण येतो कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं मुलास रुग्णालयांत नेऊन सहा मिनिटें चालविण्याची पद्धति होती. पण मूल तें! त्या दिवशीं तें कंटाळलेलें असलें कीं आंकडा घसरला, हुशारींत असलें कीं वाढला. म्हणून घोट्यास सेन्सर बांधून, मूल घरीं, अंगणांत, शाळेंत आपल्या मर्जीनें चालत असतांना त्याच्या सर्वांत जलद ५ टक्के पावलांचा वेग कोठून सुरू होतो, तें माप घेण्याची रीति निघाली. युरोपीय औषध संस्थेनें २०१९ सालीं हें माप औषधांच्या चाचणींत दुय्यम कसोटी म्हणून, आणि २०२३ सालीं मुख्य कसोटी म्हणून मान्य केलें. मुलाच्या बागडण्यावरून औषधाची पारख व्हावी, ही गोष्ट आम्हांस यंत्राच्या सूक्ष्मतेपेक्षांही मोठी वाटते.

आतां आपल्या घरांकडे वळूं. भारतांत फिजिओथेरपीचें रीतसर शिक्षण १९५० च्या दशकांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत सुरू झालें; आज हे तज्ज्ञ तालुक्याच्या गांवींही आढळतात. सर्वांकडे सेन्सर नसतील, आणि प्रत्येक रुग्णास त्यांची गरजही नाहीं. घरांतील वडील मंडळींची प्राथमिक परीक्षा घरींच होऊं शकते. जमिनीवर ४ मीटरांचें अंतर खडूनें आंखावें. एक मीटर आधींपासून नेहमींच्या चालीनें निघण्यास आणि एक मीटर पुढें जाऊन थांबण्यास सांगावें. मधल्या ४ मीटरांचा वेळ घड्याळावर पाहावा. ५ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर वेग सेकंदास ०.८ मीटर किंवा त्याहून कमी झाला. युरोपांतील तज्ज्ञमंडळानें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मतांत हीच मर्यादा, स्नायूंचा क्षय झालेल्या माणसांत तो गंभीर झाल्याची एक खूण म्हणून धरली आहे. अशा वेळीं वैद्यकीय सल्ला घ्यावा. चाल थोड्या दिवसांतच बदलली, पाऊल एका बाजूस ओढूं लागलें, किंवा मनुष्य एकदां पडला, तर मात्र घड्याळाचीही वाट पाहूं नये.

यंत्राची परीक्षा झालीच, तर कागदावरील तीस आंकड्यांनीं भांबावून जाऊं नये. फिजिओथेरपिस्टास तीनच गोष्टी विचाराव्या: यांतील कोणता आंकडा आमच्या माणसाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे, तो सुधारण्यासाठीं कोणता व्यायाम करावयाचा, आणि पुन्हां केव्हां मोजावयाचें? ज्या आंकड्यावरून व्यायामांत कांहींच बदल होणार नाहीं, त्यासाठीं पैसे खर्च करण्याचें कारण नाहीं. तसेंच ही नोंद कोठें सांठविली जाते आणि कोणास दिली जाते, हेंही विचारावें. मनुष्य केव्हां उठतो, किती हिंडतो, किती वेळां थांबतो, हें सर्व तींत असतें. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें अशा बाबतींत संमतीचें तत्त्व मान्य केलें आहे; आणि ती संमति ज्याची चाल मोजावयाची त्याची हवी, केवळ बिल भरणाऱ्या मुलाची नव्हे.

शेवटीं सर्वांत नाजूक गोष्ट. वृद्ध मनुष्य हळू चालूं लागला कीं घरांत दोन प्रकारचीं बोलणीं ऐकूं येतात. एक, "आतां वय झालें, चालायचेंच." दुसरें, "बाबा, तुम्ही उठूं नका. काय हवें तें आम्ही हातांत आणून देतों." पहिल्यांत उपेक्षा आहे आणि दुसऱ्यांत प्रेम आहे, पण परिणाम दोहोंचा एकच होतो. न चालणारे पाय महिन्याभरांत आणखी दुबळे होतात, दुबळे पाय अधिक भितात, आणि भिणारा मनुष्य अधिक बसतो. या फेऱ्यांत एक दिवस न्हाणीघरांत पाय घसरतो, मांडीचें हाड खुब्याजवळ मोडतें, आणि मग पूर्वीसारखें हिंडणें-फिरणें पुष्कळांच्या नशिबीं उरत नाहीं. अशा घरांत सेन्सरचा आंकडा आला, तर त्याचा उपयोग बाबांस खुर्चींत बसविण्यासाठीं होण्याचा संभव फार. "बघा, यंत्रही तेंच सांगतें!" असें कोणी म्हटलें कीं त्या बिचाऱ्यांचें बोलणेंच खुंटलें.

असो. आंकडा हा निकाल नव्हे. तो व्यायामाचा आरंभ आहे. न्हाणीघरांत हातास धरण्यास एक दांडी, उंबरठ्यापाशीं रात्रीं एक दिवा, सरकणारी सतरंजी काढून टाकलेली, आणि रोज संध्याकाळीं बरोबर चार फेऱ्या मारणारा एक नातू, एवढी तरतूद झाल्यावर जें माप पुढच्या महिन्यांत निघेल तें बहुधा पहिल्यापेक्षां बरें असेल. तसें तें निघालें, तर तो कागद मुलानें कपाटांत ठेवूं नये. ज्यांचे पाय आहेत त्यांच्या हातीं आधीं द्यावा.